पुढचा कॅमेरा

पारसने काचेच्या काउंटरवर तीन टॅब ओळीने मांडले आणि माझ्याकडे बघून विचारलं, "काकूंना नेमका कशासाठी पाहिजे, ताई?"

काकू म्हणजे माझी आई. ती माझ्या शेजारीच उभी होती, पर्स काखेत दाबून. पण तिच्याबद्दलचं काहीही लोक मलाच विचारत. आईला जन्मापासून ऐकू येत नाही. कराडच्या शनिवार पेठेत ती ब्लाउज शिवायची आणि निम्मी पेठ तिला 'मुकी टेलरीण' म्हणायची, तेही तिच्यासमोर.

"ब्लाउजची डिझाइनं बघायला," मी पारसला सांगितलं. आईने घरी मला तेच कारण दिलं होतं. हल्ली बायका फोनवर फोटो दाखवतात, असा गळा पाहिजे, अशी बाही पाहिजे, आणि तिच्या फोनच्या एवढ्याशा स्क्रीनवर शिवण दिसत नाही, असं. मला ते पटलं होतं. नोटाबंदीनंतरचा उन्हाळा होता तो. नेट एकदम स्वस्त झालं होतं आणि जो तो काही ना काही नवीन घेत होता.

"मग हा घ्या." पारसने सोनेरी रंगाचा, पातळसा टॅब पुढे सरकवला. "सात इंची आहे. स्क्रीन बघा. मोरपंखी रंग मोरपंखीच दिसणार. सिम चालतं, बॅटरी दिवसभर जाते. या बजेटमध्ये याच्या वर काही नाही."

त्याचं बोलणं मी आईला हातांनी सांगितलं. आमच्या घरातली भाषा हातांची. माझे वडीलही ऐकू न येणारे होते, छापखान्यात मशीनवर काम करायचे. मी आठवीत असताना ते गेले. तेव्हापासून घरात आम्ही दोघीच, आणि घरात बोलणं हातांनीच. इथे मी ते शब्दांत लिहितेय, एवढंच.

"त्याला विचार, पुढचा कॅमेरा कसा आहे?" आई म्हणाली.

"पुढचा? डिझाइनं बघायला पुढचा कॅमेरा कशाला लागतो?"

"तू विचार तर."

मी विचारलं. पारसने तोंड वाकडं केलं. "या रेंजमध्ये पुढचा सगळ्यांचा यथातथाच असतो, ताई. सेल्फीपुरता. मागचा बघा की. मागचा चांगला आहे."

मागच्या कॅमेऱ्याकडे आईने ढुंकूनही पाहिलं नाही. तिने टॅब खोक्याला टेकवून उभा केला, पुढचा कॅमेरा सुरू करायला लावला आणि दोन पावलं मागे सरकली. स्क्रीनवर ती कमरेपासून वर दिसायला लागली. मग तिने हात वर केले आणि भराभर बोटं हलवली. एक ते दहा आकडे, पुन्हा उलटे. स्क्रीनवर तिची बोटं रांगोळीवरून पदर फिरल्यासारखी पुसट झाली. कुठलं बोट कुठलं, कळेना.

आईने मान हलवली. "हा नको."

दुकानात दोन कॉलेजची मुलं फोनचं कव्हर बघत होती, एक बाई लहान मुलीला कडेवर घेऊन रिचार्ज करायला आली होती. तिघंही आमच्याकडे बघायला लागली. मला आश्चर्य वाटलं ते त्यांचं नाही, आईचं. बाहेर असलो की ती अगदी बारीक बोलायची. हात पोटाशी, निम्मे पदराखाली. लोक टक लावून बघतात ते तिला आवडायचं नाही. आणि आज ती भर दुकानात, दिव्याखाली उभी राहून खांद्यापर्यंत हात उचलत होती.

दुसरा टॅब लहान मुलांसाठीचा होता, चारी बाजूंनी निळं जाड रबर लावलेला. त्याचा कॅमेरा बरा निघाला. आई खूश झाली. मग पारस म्हणाला, "याच्यात सिम नाही हं. फक्त वायफायवर."

घरी आमच्याकडे वायफाय नव्हतं. माझ्या हातांवर ते वाक्य पुरं होताच आईने रबरवाला टॅब बाजूला केला.

"दहा इंची दाखवू का? किंमत जरा वर जाईल, पण काकूंना मोठं मोठं दिसेल."

आईने हातांनी काउंटरवर शिलाई मशीनचा पाट आखला. इथे मशीन, इथे कापड, इथे कात्री. उरलेल्या जागेवर तिने उभी वीत ठेवली. एवढंच. पारसला ते मी न सांगताच कळलं. तो हसला.

"मग हा एक आहे," म्हणत त्याने तिसरा, काळा टॅब उचलला. "पण मीच सांगतो, हा मागच्या वर्षीचा आहे. शेवटचा पीस. जाड आहे, मेमरी कमी आहे, बाजूने बघितलं की स्क्रीन पांढरट दिसते. डिझाइनांसाठी मी तुम्हाला हा देणार नाही. आणि खरं सांगायचं तर स्पीकर अगदीच भंगार. आवाज फाटतो."

मी ते शेवटपर्यंत आईला सांगितलं. आवाज फाटतो, हेही.

आई हसली. तिला तिच्या हसण्याचा आवाज माहीत नाही, त्यामुळे ते एकदम मोठ्याने आणि खालून वर येतं. रिचार्जवाल्या बाईच्या कडेवरच्या मुलीने दचकून तिच्या गळ्याला मिठी मारली. कॉलेजची मुलं वळली. पारस आधी गोंधळला, मग स्वतःच काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं आणि तोही हसायला लागला. "स्पीकरचं राहू द्या," तो म्हणाला. "काकूंना स्पीकरचे पैसे कमी करतो."

काळ्या टॅबसमोर आईने पुन्हा आकडे केले. स्क्रीनचे रंग खरंच मेलेले होते, तिची किरमिजी साडी विटकरी दिसत होती. पण बोटं नीट दिसत होती. दहाच्या दहा.

"आता नलूला लाव," आई म्हणाली.

"कोणाला?"

"नलू. जळगाव. ती बसलीय."

नलूमावशी आईची शाळेतली मैत्रीण. ऐकू न येणाऱ्या मुलांच्या वसतिशाळेत दोघी आठ-नऊ वर्षं शेजारच्या खाटांवर झोपल्या होत्या. लग्न होऊन एक जळगावला गेली, एक कराडला आली. वडील गेले तेव्हा नलूमावशी आली होती, त्यानंतर भेट नाही. एकमेकींना मेसेज करायच्या, पण आईचं लिहिणं म्हणजे तार. 'तू जेवण? इथे पाऊस. मी ब्लाउज खूप.' लिहिलेली मराठी ही तिची भाषाच नव्हती. ती शाळेत घोटून घेतलेली, शेपटं तुटलेली. हातांनी बोलताना ती नकला करायची, टोमणे मारायची, पेठेतल्या एकेका बाईची चाल काढून दाखवायची. मेसेजमध्ये त्यातलं काही येत नसे.

नलूमावशीच्या मुलाने तिला असाच टॅब घेऊन दिला होता. आईने आधीच मेसेज करून तिला तयार बसवलं होतं, हे मला दुकानात कळलं. आईने तिचा नंबर दाखवला, पारसने दुकानाच्या वायफायवर कॉल जोडून दिला.

नलूमावशी चांगली साडी नेसून, गजरा माळून बसली होती. स्क्रीनवर आई दिसताच तिने दोन्ही हात गालांवर ठेवले. मग दोघी सुरू झाल्या.

मला वाटलं होतं, मी मध्ये उभी राहून दोघींना मदत करीन. मी लहानपणापासून तेच करत आले होते. गॅसवाला, बँक, डॉक्टर, शाळेतले सर, सगळीकडे आई आणि जग यांच्यामध्ये मी. पण इथे मला जागाच नव्हती. शिवाय दोघी त्यांच्या वसतिशाळेतल्या खुणांनी बोलत होत्या. आमच्या घरातल्या खुणा वेगळ्या, बाबांनी आणि आईने मिळून बनवलेल्या. या जुन्या, वेगवान, निम्म्या हनुवटीच्या आणि भुवयांच्या. एका शिक्षिकेची आठवण निघाली असावी, कारण दोघींनी एकदमच चष्मा सावरला आणि नाक ओढलं, आणि दोघी हसून लोळायच्या बेतात आल्या.

"काय म्हणतायत?" पारसने मला हळूच विचारलं.

"मला पूर्ण कळत नाहीये," मी म्हणाले. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदाच बोलले असेन.

आईने मध्येच मला सोनेरी टॅबवर कॉल लावायला लावला, तुलना करायला. नलूमावशीने दोन मिनिटं डोळे बारीक करून बघितलं आणि विचारलं, "तुला बोटं दहा की पन्नास?" एवढं मला कळलं. काळा टॅब परत समोर आला.

मग नलूमावशीला स्क्रीनच्या कडेला मी दिसले. तिने हनुवटीच्या मध्यावर बोट टेकवलं. ती माझी खूण. माझ्या हनुवटीवर खळी आहे, आणि खुणांच्या भाषेत माझं नाव हर्षदा नाही, खळी आहे.

"खळी केवढी झाली!" ती म्हणाली. मी नमस्कार केला. मग मला कळावं म्हणून तिने हात मुद्दाम सावकाश केले आणि ओठांनीही शब्द जुळवले. "भोपाळ. कधी निघणार?"

आईचा हात माझ्या आणि स्क्रीनच्या मध्ये आला. पण मी वाचलं होतं.

भोपाळच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात परिचारिका म्हणून माझी निवड झाली होती. कराडमधल्या खासगी दवाखान्यात मी तीन वर्षं काम करत होते, सहज म्हणून परीक्षा दिली आणि नाव लागलं. पण घरी मी ते सांगितलं नव्हतं. जायचं नाही हे मनात पक्कंच होतं. मग सांगून तिच्या जिवाला घोर कशाला? हे फक्त माझ्याबरोबर काम करणाऱ्या सुजाताला माहीत होतं.

"मग, काळा पॅक करू ना?" पारस विचारत होता.

"नको. आम्ही नंतर येतो," मी म्हणाले, आणि आईचं मनगट धरून तिला दुकानाबाहेर काढलं.

आईचं मनगट धरणं म्हणजे बोलणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवणं. आमच्या घरात कोणी तसं करत नसे. पायरीवर येताच तिने हात हिसडा देऊन सोडवला.

समोर रसवंती होती. बाकावर गिऱ्हाईक नव्हतं, चरकाला बांधलेले घुंगरू तेवढे वाजत होते. आई सरळ जाऊन आतल्या बाकावर बसली आणि तिने रसवाल्याला दोन बोटं दाखवली. मी तिच्या समोर बसले. बोलायचं तर समोरच बसावं लागतं.

"तुला भोपाळचं कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"तू."

"मी नाही सांगितलं."

"जेवताना. मी भाकरी वाढत होते. तू सुजाताशी फोनवर बोलत होतीस." तिने स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं आणि माझ्या ओठांची नक्कल केली, इतकी हुबेहूब की मला माझा आवाज ऐकू आला. "'भोपाळ लांब आहे गं. आई एकटी. तिला कोण आहे? नाही जात मी.'"

"तू माझं बोलणं वाचतेस?"

"तू माझ्या समोर बसून बोलतेस. आईला ऐकू येत नाही, म्हणून. मी काय भिंत आहे?"

रसवाल्याने दोन ग्लास आणून ठेवले. तो जाईपर्यंत दोघींचे हात मांडीवर होते.

"मग लगेच का नाही विचारलंस?" मी म्हणाले.

"विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, मला जायचंच नाही. मी म्हणाले असते, जा. तू रडली असतीस. मग मी रडले असते. आणि तू राहिली असतीस." ती थांबली. "म्हणून आधी टॅब बघायला आणलं. आधी बघू, हात दिसतात का. हात दिसले नसते तर मीच तुला जा म्हटलं नसतं."

"डिझाइनं?"

"डिझाइनं मला डोक्यात सुचतात."

तेव्हा मला तिचं सकाळपासूनचं वागणं उलगडलं. ती ब्लाउजचे गळे बघायला आलीच नव्हती. चांगला टॅब कुठला हा तिचा प्रश्न नव्हता. ती भोपाळ आणि कराड यांच्यामध्ये स्वतःचे हात लावून बघत होती, पोहोचतात का.

पण मला राग आला होता, आणि तो लगेच जायला तयार नव्हता. "टॅबवर बोलता येईल गं," मी म्हणाले. "पण बँकेत कोण जाणार तुझ्याबरोबर? तुला बरं नसलं तर डॉक्टरांना कोण सांगणार? लाइटवाले आले, ओरडून गेले, तुला कळलंच नाही, तर?"

"तुझ्या जन्माआधी मी बँकेत जात नव्हते?"

"तेव्हा बाबा होते."

"बाबांना कुठं ऐकू येत होतं?"

मला हसूही येत होतं आणि त्याचाच जास्त राग येत होता.

"आम्ही दोघं जायचो," आई सांगत होती. "कागदावर लिहायचो. चुकायचं. लोक हसायचे. वेळ लागायचा. पण काम व्हायचं. मग तू बोलायला लागलीस. दीड वर्षाची होतीस, दुकानदाराला म्हणालीस, 'आई साखल पायजे.' सगळं दुकान कौतुक करायला लागलं. मला सोपं पडलं. मी तुझं तोंड घेतलं. मागितलं नव्हतं, पण मिळालं तर घेतलं."

"मला त्याचं काही वाटत नव्हतं."

"बाबा गेले तेव्हा?"

मी ग्लास जवळ ओढला.

बाबांना रात्रीच छातीत दुखायला लागलं होतं. सकाळी दवाखान्याच्या बोळात डॉक्टर बाहेर आले. त्यांनी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांना आईला सांगता येत नव्हतं, म्हणून त्यांनी मला सांगितलं. मी शाळेच्या गणवेशात होते. माझ्या मागे आई उभी होती आणि माझा चेहरा तिला दिसत नव्हता. मला वळून तिला ते सांगायचं होतं. गेले, याची आमच्या घरातली खूण साधी आहे, दिवा विझल्यासारखी मूठ उघडायची. मी ती केली.

"डॉक्टरांनी तुला सांगितलं," आई म्हणाली. "मला ते चाललं नाही. एवढ्या पोरीला आधी कळलं आणि मला नंतर. मी बायको होते. मी त्या दिवशी ठरवलं, याच्यापुढे माझं मी बघायचं. पण तू शहाणी निघालीस. मी उठायच्या आत तू उठायचीस. मी कागद काढायच्या आत तू बोलून मोकळी व्हायचीस. मग मीही बसून राहिले. दहा वर्षं."

तिने रस प्यायला सुरुवात केली. एवढं बोलून झाल्यावर ती शांतपणे रस पीत होती, आले-लिंबाचा, आणि बर्फ दाताखाली चावत होती.

"मी गेले आणि तुला काही झालं तर?" मी विचारलं.

"होईल. माणसाला होतं काहीतरी." तिने ग्लास खाली ठेवला. "तुला जायचंय का? माझं सोड. तुला?"

हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, मीही नाही. मी रस्त्याकडे बघत होते. निवड झालेल्यांच्या यादीत माझं नाव दिसलं तेव्हा मी दवाखान्याच्या जिन्यात उभी होते, आणि कोणी बघत नाही ना ते पाहून जागच्या जागी दोन उड्या मारल्या होत्या. मग वर वॉर्डात जाऊन सलाइन बदललं होतं.

"हो," मी म्हणाले.

आईने मान डोलावली, पर्स काखेत घेतली आणि उठली. मीही उठायला लागले. तिने तळहात दाखवून मला थांबवलं. "तू बस. रस संपव."

ती रस्ता ओलांडून एकटीच दुकानात गेली.

दुकानाला पुढून पूर्ण काच होती. मला सगळं दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. आईने काळ्या टॅबकडे बोट केलं. पारस दाराकडे बघायला लागला. मी येतेय का, ते. आईने काउंटरवर दोनदा टकटक केलं आणि त्याला स्वतःकडे बघायला लावलं. तो काहीतरी बोलला. तिने मान हलवून तोंडासमोर हात सावकाश फिरवला, हळू बोल. तो पुन्हा बोलला, आणि यावेळी त्याचे ओठ मला इतक्या लांबूनही वेगळे वेगळे दिसले. आईने कॅल्क्युलेटर ओढून घेतला, काही दाबलं, त्याच्यापुढे केला. त्याने नाही म्हणत दुसरं काही दाबलं. तिने कानाला हात लावला आणि तो झटकून टाकला. स्पीकरचे पैसे कमी करणार होतास ना? पारस कपाळाला हात लावून हसला.

मग तिने खोकं उघडायला लावलं. चार्जर लावून बघितला. सिमचं झाकण नखाने काढून बघितलं. एकदा दोघांचं काही जुळेना. ती सांगत होती ते त्याला कळत नव्हतं, आणि मी बाकावरून निम्मी उठले होते. माझे हात आपोआप वर आले होते. तिला काय पाहिजे ते मला इथून स्पष्ट दिसत होतं, तिला उभं राहणारं कव्हर पाहिजे होतं. आईने पर्समधून पेन काढलं आणि पावतीच्या पाठीमागे काही काढलं. पारसने बघितलं, "अच्छा!" असं त्याचं तोंड झालं आणि त्याने मागच्या फळीवरून कव्हर आणलं. मी खाली बसले.

वेळ लागला. मी मध्ये असते तर याच्या निम्म्यात झालं असतं. पण मी बसून राहिले आणि रस संपवला. तो कोमट झाला होता.

आई पिशवी घेऊन बाहेर आली. पारस तिला दारापर्यंत सोडायला आला आणि तिला, मला नाही, तिला काहीतरी म्हणाला. तिने अंगठा वर केला.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "आमचं आमचं."

जूनमध्ये मी भोपाळला रुजू झाले. पहिले काही महिने कठीण गेले, ते दोघींनाही. एकदा आईच्या पायात मशीनची मोडकी सुई घुसली आणि तिने मला चार दिवस सांगितलं नाही. एकदा बँकेत तिला तीन वेळा परत पाठवलं, चौथ्यांदा ती टॅब घेऊन गेली, मला कॉल लावला, टॅब साहेबांच्या टेबलावर उभा केला आणि आधी मलाच दटावलं, "तू बोलू नकोस. फक्त मी सांगेन तेवढंच त्यांना सांग." मी ड्यूटीवरून बाहेर येऊन जिन्यात उभी होते. ती एकेक वाक्य सांगत गेली आणि मी एकेक वाक्य म्हणत गेले, माझ्या पदरचं एकही न घालता. पुढच्या वेळी त्या साहेबांनीच तिला कागद-पेन पुढे केलं.

रोज संध्याकाळी आमचं बोलणं व्हायचं. टॅब मशीनच्या पाटावर, आई मान खाली घालून हेम घालत, मध्येच सुई दातात धरून हात मोकळे करत. स्क्रीन पांढरट, रंग विटलेले, कधी नेट अडकलं की तिचा हात शब्दाच्या मध्येच थिजायचा आणि मी तो पुरा व्हायची वाट बघत बसायचे. हळूहळू नलूमावशीही त्यात येऊ लागली, मग सांगलीची आणखी एक मैत्रीण, आणि माझ्या वाट्याला आईचा वेळ कमी यायला लागला. मी तक्रार केली की ती म्हणायची, "तुला तिथे मैत्रिणी नाहीत का?" तोवर झाल्या होत्या.

तिसऱ्या वर्षी, दिवाळीच्या अलीकडे, एका संध्याकाळी कॉल लागला आणि मी चमकले. चित्र एकदम स्वच्छ होतं. आईच्या साडीचा रंग खरा दिसत होता. मागच्या दोरीवर लटकवलेल्या ब्लाउजांच्या काठांवरची वेलबुट्टी मला भोपाळमध्ये बसून मोजता आली असती.

"हे काय?" मी विचारलं.

"नवीन घेतला. जुन्याची बॅटरी फुगली. मागच्या आठवड्यात जाऊन आणला."

"आणि मला आत्ता सांगतेस? कोणाबरोबर गेली होतीस?"

आईने सुई दातातून काढली. ती माझ्याकडे बघत राहिली, प्रश्न कळला नसल्यासारखी. नेट अडकलं असेल असं वाटून मी पुन्हा विचारलं, हात सावकाश करून. "दुकानात. कोणाबरोबर गेलीस?"

नेट अडकलेलं नव्हतं.

"कोणाबरोबर म्हणजे?" ती म्हणाली.